टर्कीवरचा सहा

प्रल्हादला सुट्टी हवी होती, म्हणून त्याने ऑफिसचा फ्रिज पुसायला घेतला. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे शारजाच्या औद्योगिक भागात नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गॅरेजचे मुदीर, म्हणजे मॅनेजर हिशामसाहेब, दुपारी मस्कतहून परतणार होते. मूड चांगला असला तर अर्जावर सही, नसला तर खलास. प्रल्हाद इथे स्टोअरकीपर म्हणून आला त्याला दोन वर्षं झाली होती. मुलगी सव्वा वर्षाची झाली आणि बापाने तिला अजून फोटोतच पाहिलं होतं.

फ्रिजच्या मधल्या फळीवर साहेबांचं टर्की पक्ष्याच्या मांसाच्या कापांचं पाकीट होतं. तोंड उघडं, वर चिठ्ठी चिकटवलेली, आणि चिठ्ठीवर ठळक ६. प्रल्हादला तर भरूनच आलं. कराडच्या शाळेत पाटीवर गिरवला होता तस्साच सहा, शेपटी तेवढी जरा आखूड. नंबरप्लेटवरचे अरबी आकडे त्याने दोन वर्षांत कधी वाचले नव्हते. शेजारी इंग्रजी आकडे असताना वाचायचे कशाला?

"खैरूभाई, हे सहा तारखेला उघडलेलं. आज अकरा. चालतं का हो?"

खैरुद्दीन हा गॅरेजचा ड्रायव्हर, मूळचा दापोलीचा. पाकिटाकडे न बघताच त्याने घरी बायकोला फोन लावला. "अजरा म्हणते, उघडल्यावर तीन दिवस, फार तर पाच. बुळबुळीत लागलं की टाकायचं."

प्रल्हादने बोट लावलं. "बुळबुळीत आहे."

"तसंच असतं रे ते."

"वास पण येतोय."

"तसाच येतो."

"मग खराब झालं हे कळायचं कसं?"

"खाल्ल्यावर," खैरुद्दीन म्हणाला.

इथे प्रल्हादचा धीर सुटला. साहेबांनी ते खाल्लं, पोट धरून हॉस्पिटलात गेले, तर अर्जावर सही काय नर्स करणार? पाकीट कचऱ्यात गेलं.

"आता साहेब म्हणतील, तूच खाल्लंस," खैरुद्दीन म्हणाला. त्याला अशा गोष्टी नेहमी मागाहून सुचत.

मग पिकअप काढून दोघं सुपरमार्केटात. काउंटरवरच्या बाईने पाव किलो टर्की मशीनवर कापून दिली. बावीस दिरहम. "म्हणजे अडीचशे रुपये!" प्रल्हाद मोठ्याने म्हणाला. "एवढ्यात गावाकडं चार कोंबड्या आल्या असत्या, पिसांसकट!" पण आणलं. माल नवा तर तारीखही नवी, स्टोअरकीपरच तो. साहेबांना आपले आकडे येतात याची आता खात्री होतीच, म्हणून त्याने नव्या चिठ्ठीवर छान वळणदार ११ काढलं.

दीड वाजता साहेब आले. त्यांनी फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग काप मोजले.

"प्रल्हाद! यल्ला, इधर आओ! मैं चार पीस छोडके गया. चार लिखा. अभी लिखा है नाइंटी-नाइन, अंदर है अठारा. बाकी एटी-वन किधर?"

"नाइंटी-नाइन नहीं साब, ग्यारा तारीख! आपने छे तारीख लिखा था ना?"

"मैं? छे?"

तेव्हा कुठे खैरुद्दीनने कचऱ्यातून जुनी चिठ्ठी काढून पाहिली आणि कपाळाला हात लावला. अरबी चार म्हणजे जवळजवळ आपला सहा, आणि आपला एक म्हणजे थेट अरबी नऊ. आणि तारखेचा इथे प्रश्नच नव्हता. पाकीट परवाच उघडलेलं होतं. दर पाकिटातून काप कमी होतात असा संशय आल्याने साहेब जाताना काप मोजून आकडा लिहून गेले होते. हे सांगता सांगता खैरुद्दीनला बराच खोकला आला.

साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. प्रल्हादने संधी साधून अर्ज पुढे केला.

"हबीबी," नव्या पाकिटातला काप तोंडात टाकत साहेब म्हणाले, "बीस साल में बहुत स्टोअरकीपर देखा. सबका माल कम होता है. तुम पहला आदमी, चार का अठारा किया. अपने पैसे से!"

"जी साब," प्रल्हाद लाजून म्हणाला.

"अगले महीने ऑडिट है. ऐसा आदमी मैं दो महीना छोडेगा?" साहेबांनी अर्जाची घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली. "ईद के बाद. इन्शाल्ला."

कोणत्या ईदनंतर, ते त्यांनी सांगितलं नाही. प्रल्हादची विचारायची छाती झाली नाही.

संध्याकाळी त्याने बूथवरून घरी फोन लावला. मागे मुलगी काहीबाही बडबडत होती. ते ऐकून त्याला गलबलून आलं.

"तिकीट काढलंत?" बायकोने, समिधाने, विचारलं.

"सुट्टीच नाही मिळाली."

"का? काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं. प्रामाणिक निघालो."



"अहो, पण एवढं प्रामाणिक निघायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"