मल्लप्पाअण्णांचं सेटिंग

दुकानाच्या दारावर लोक लिंबू-मिरची टांगतात. मल्लप्पाअण्णांच्या गॅरेजच्या दारावर गाड्यांतून उपटून काढलेले संगणकाचे डबे टांगलेत. वायरींच्या शेंड्या लोंबणारे काळे डबे, परवापरवापर्यंत सहा. वाऱ्यानं ते एकमेकांवर आपटले की अण्णा समाधानानं वर बघतात. "नजर लागत न्हाय बगा," म्हणतात.

सात रस्ता चौकाच्या मागच्या बोळात हे गॅरेज आहे. अण्णांनी सत्तरी ओलांडलीय. कपाळावर भस्माचे तीन पट्टे असतात, आणि दुपारपर्यंत ऑइलचा चौथाही उमटतो. मध्यंतरी अशा काही गाड्या निघाल्या होत्या की त्यांत जुना कार्ब्युरेटरही होता आणि त्याच्यावर देखरेखीला संगणकही. अण्णांचा सगळा राग त्या गाड्यांवर. "कामाच्या मानसावर मुकादम बसवला, की काम बिगडलंच म्हना."

माझ्या वडिलांची गाडी नेमकी त्यातली. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि गेल्या महिन्यात अडून बसली. टाय लावलेल्या एका मेकॅनिकनं सांगितलं, डबा जळालाय, नवा मिळत नाही, भंगारात घाला. मला रस्त्यातच रडू आलं. त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी दहावीचा अख्खा इतिहास पाठ केला होता.

अण्णांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. "डोस्कं मेलंय. काळीज जित्तं हाय," ते आतूनच म्हणाले. मग पक्कड घेतली, वायरी तोडल्या, हवेची नळी डब्याला वगळून थेट जोडली, आणि दारावर सातवा डबा चढला.

आता राहिलं सेटिंग. हवा किती आणि पेट्रोल किती, हे कार्ब्युरेटरच्या एका बारक्या स्क्रूवर ठरतं. जरा चुकलं की गाडी खोकते, नाहीतर धूर ओकते. अण्णा डोळे मिटून तो स्क्रू पाव-पाव आट्यानं फिरवतात, आणि तेव्हा कुणी शब्द काढलेला त्यांना खपत नाही. आता मी पडलो मास्तर. समोरच्याचं वाक्य मीच पुरं करून टाकतो, ही माझ्या बायकोची जुनी तक्रार आहे. गाडी जरा गुरगुरली आणि मी म्हणालो, "पेट्रोल जास्त होतंय, नाही का अण्णा?"

"मास्तर, गप ऱ्हावा. तिला बोलू द्या की."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मी ते पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून ऐकतोय. पण तेव्हा हे काम दोघांचं होतं. एक माणूस स्क्रूवर, एक एक्सलेटरवर. एक्सलेटरवर कायम गंगाक्का, म्हणजे अण्णांची बायको. ड्रायव्हरच्या सीटवर बसून मांडीवर परात घ्यायच्या. हातानं शेंगा फोडायच्या, पायानं एक्सलेटर दाबायच्या आणि कान इंजिनाकडं. जन्मात त्यांनी गाडी गॅरेजबाहेर नेली नाही. पण "इन्नू" म्हणाल्या की अण्णा स्क्रू आणखी फिरवायचे, आणि "साकु" म्हणाल्या की हात काढून घ्यायचे. इन्नू म्हणजे कानडीत अजून, साकु म्हणजे पुरे. एकदा माझ्या वडिलांनी विचारलं, "झाली का हो गाडी?" अण्णा म्हणाले, "मला काय इचारता? मालकीनबाईला इचारा की!" वडील खिसाभर शेंगा घेऊन घरी पोचेपर्यंत हसत होते.

दोन वर्षांपूर्वी गंगाक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

तेव्हापासून अण्णांना एक नवी खोड लागली. गाडी दुरुस्त झाली की गिऱ्हाइकाला देण्याआधी ती आपल्या घरी नेऊन आणायची. म्हातारा फुकटच्या गाडीतून जेवायला जातो, असं लोक म्हणायचे. लोक कशाला, मीसुद्धा म्हणायचो. पण गेल्या आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवून नेलं.

घर बाळीवेशीत. अण्णांनी दारापुढं गाडी थांबवली, इंजिन मात्र चालूच ठेवलं. कट्ट्यावर खुर्चीत गंगाक्का बसल्या होत्या. मांडीवर तीच परात. डाव्या हातानं एकेक शेंग फोडत होत्या. अण्णांनी बॉनेट उघडलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभे राहिले.

"समदे म्हनत्यात, आता शब्द येनं अवघड हाय," ते मला हळूच म्हणाले. "पन इंजिनाम्होरं तिचं तोंड हलतंय. म्हनून समद्या गाड्या हितं आनतो."

मग त्यांनी बायकोकडं तोंड करून विचारलं, "साका?" म्हणजे पुरे का?

गंगाक्कांनी शेंग खाली ठेवली. ओठ हलले, घशात काहीतरी घरघरलं, पण शब्द होईना. मला ते बघवेना. "साकु ना अक्का?" मी म्हणालो. "साकु! हो, झालीच आहे गाडी."

"मास्तर!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की मी मागं सरलो. "तिला बोलू द्या की!"

मागं एक रिक्षा येऊन हॉर्न मारायला लागली. अण्णांनी न बघताच हात वर केला. रिक्षावाल्याला काय वाटलं कोण जाणे, पण तो थांबला. इंजिन चालू होतं, पेट्रोल जळत होतं, आणि आम्ही तिघं एका म्हातारीच्या तोंडाकडं बघत उभे होतो.

"इन्... नू," गंगाक्का म्हणाल्या.

अण्णा रिक्षावाल्याकडं वळून ओरडले, "ऐकलं का? इन्नू म्हनती! न्हाय झाली गाडी! अजून न्हाय झाली!" गाडी झाली नाही म्हणून एवढा खूश झालेला मेकॅनिक मी दुसरा पाहिलेला नाही. मग त्यांनी स्क्रू पाव आटा फिरवला. इंजिनाचा आवाज खाली बसला. मलासुद्धा फरक कळला. आणि तोंड खुपसून इंजिनात बघणाऱ्या अण्णांचे खांदे हलताना दिसले, तेव्हा माझेही डोळे भरले.

याला आता आठवडा झाला. गाडी अजून मला मिळालेली नाही. अण्णा ती रोज संध्याकाळी बाळीवेशीत नेतात आणि रोज विचारतात. काल बायको वैतागून म्हणाली, "अहो, गाडी मिळणार तरी कधी?"

"अक्का साकु म्हणतील तेव्हा," मी म्हटलं. "त्यांना बोलू दे."

शाळेत मी चालत जातो.