सामंत सर आणि स्टूल

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी स्टुलावर चढलं, की सामंत सर हजर होतात. त्यांना बोलवावं लागत नाही. तुम्ही ट्यूबलाइट पुसत असता, सहज खाली नजर जाते, तर स्टुलाच्या पायांना धरलेले दोन सुरकुतलेले हात दिसतात. चाहूलसुद्धा लागत नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्या हातातलं फडकं सुटून सरांच्या डोक्यावर पडलं. त्यांनी ते काढलं नाही. फडक्याखालूनच म्हणाले, "तू पूस. मी हात सोडणार नाही."

सर म्हणजे मुलुंडचे जुने फिजिक्सचे क्लासवाले. मला त्यांनी बारावीत पास केलं होतं, यावरून त्यांची योग्यता कळावी. वर्षापूर्वी मी आईबाबांच्या जागेत परत राहायला आले, तेव्हा ते बरोबर माझ्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर एकटेच राहत होते. काकू त्याच्या आदल्या वर्षी स्टुलावरून पडून गेल्या, एवढं मला फोनवर कळलं होतं. स्टुलांचं वेड त्यातूनच आलं असणार, असं धरून मी गप्प बसले.

बाकी सर होते तसेच होते. जिन्यात भाजीची पिशवी धरून मी दम खात उभी राहिले, तर म्हणत, "उभीच आहेस ना? विस्थापन नाही, मग कार्य शून्य. दमायचं कारणच नाही." एकदा गेटची चावी मी घरात विसरले. त्यांनी आपली वरून टाकली. आधी मला दोन पावलं डावीकडे सरकवलं, हात पुढे करायला लावला आणि हलू नको म्हणाले. चावी थेट तळहातावर आली. "हवेचा विरोध नगण्य," वरून आवाज आला. हे त्यांचं पालुपद. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी हरकत घेतली तरी सर शांतपणे हेच म्हणत आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवत.

आमचा इलेक्ट्रिशियन मात्र त्यांना टरकून असतो. शिडीवरून उतरताना त्याचा पाय सरांच्या बोटांवर पडला, तोपर्यंत खाली माणूस आहे हेच त्याला माहीत नव्हतं. आता तो कामाला यायच्या आधी फोन करून विचारतो, "मॅडम, सर घरी आहेत काय?"

इथपर्यंत हसण्यावारी नेता येत होतं. पण मी घरून काम करते, आणि दुपारी सव्वाचारला माझ्या डोक्यावर रोज एक प्रकार चाले. आधी स्टूल फरफटत ओढल्याचा आवाज. मग शांतता. मग धप्प. त्यानंतर घाईघाईत चार-पाच पावलं. रोज, त्याच क्रमाने. सव्वाचार वाजत आले की माझी बोटं कीबोर्डवर आपोआप थांबायला लागली. सांगायला लाज वाटते, पण मी घाबरत होते.

एका दुपारी धीर करून वर गेले. दार उघडंच होतं. माळ्याखाली मीटरभर उंचीचं स्टूल, खाली दोन रजया, आणि स्टुलावर उभी केलेली गादीची वळकटी. वळकटीला काकूंची अबोली साडी गुंडाळलेली होती.

"बरं झालं आलीस," सर म्हणाले. त्यांची अडचण अशी होती, की वळकटी तेच पाडायचे, त्यामुळे पडताना ते जवळच असायचे. पाडून टेबलापर्यंत धावायचे आणि वेळ मोजायचे, पण उलटा प्रयोग खरा नव्हे. पाडायला दुसरं माणूस हवं होतं. वजनाची काळजी करू नकोस म्हणाले, पडताना सगळं सारखंच पडतं. मग साडी कशाला, हे मी विचारलं नाही.

ते चार मीटरवरच्या टेबलाशी, स्टुलाकडे पाठ करून बसले. हातात पेन घेतलं. म्हणाले, "वाटेल तेव्हा ढकल. ढकलताना 'अहो' म्हण."

भर दुपारी पंख्याखाली मला थंडी वाजत होती. शेवटी म्हटलं, "अहो," आणि ढकललं.

धप्प झालं तेव्हा सर खुर्चीतून नुसते अर्धवट उठले होते. पाऊलसुद्धा उचललं नव्हतं.

मला त्यांची इतकी दया आली, की मी जन्मात पहिल्यांदा आपणहून गणित सोडवलं. "सर, मीटरभर उंची म्हणजे पॉइंट पंचेचाळीस सेकंद. एवढ्यात चार मीटर कोणीच पोचणार नाही. तुमची चूक नाही."

"सूत्र बरोबर आहे," ते म्हणाले. क्लासात वही तपासताना म्हणत तसंच. "पण वेळ कुठून मोजलास? पडल्यापासून. ती त्याच्याआधी म्हणाली होती, अहो, जरा स्टूल धरा. मी म्हटलं, एवढं उदाहरण सोडवतो आणि येतो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "माझ्याकडे चार मिनिटं होती गो."

मी वळकटीची साडी सोडली. त्यांनी न सांगता दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी तिची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी चारला मी दार नुसतं लोटून ठेवलं. चार वाजून दहा मिनिटांनी माझं स्टूल खोलीभर खरडत नेलं, मुद्दाम. चढले. माळ्यावर एक रिकामा डबा होता, तो डावीकडून उजवीकडे केला. मग उजवीकडून डावीकडे. खाली पाहिलं, तर हात आले होते.

आता हे रोजचंच झालं आहे. वरून धप्प ऐकू येत नाही. डबा रिकामा आहे हे सरांना कळलेलं असणारच, फिजिक्सचा माणूस. काल मी म्हटलं, "उतरते हं सर, उगाच तुम्हाला ताटकळत ठेवलं."

"सावकाश उतर," ते स्टूल आणखी घट्ट धरत म्हणाले. "मला दुसरं काही काम नाही."