आता मला मोकळं करा

सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी दरवेळसारखे हात जोडले. "आता मला मोकळं करा. नवीन माणसाला संधी द्या." मग सगळ्यांनी "छे, छे, तुम्हीच हवेत!" म्हणायचं, त्यांनी थोडे आढेवेढे घ्यायचे आणि चहा यायचा, अशी इतक्या वर्षांची रीत. तळमजल्यावर नव्यानेच राहायला आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना ती कुठून ठाऊक असणार?

"केवढं मोठं मन!" त्या म्हणाल्या. "मग नियमच करू या ना. दोन मुदती झाल्या की अध्यक्ष बदलायचा."

टाळ्या पडल्या. अध्यक्ष आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? त्यांनीही वाजवल्या. चहा यायच्या आत डॉक्टरीणबाई अध्यक्ष झाल्यासुद्धा.

"मला कुणी थांबवलंसुद्धा नाही गं," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले. बिचाऱ्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा पंप बंद पडला आणि त्यांची कळी खुलली. त्या पंपाला नेमकं कुठे थोपटायचं, हे त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. चप्पल घालून ते दाराशी बोलावण्याची वाट बघत बसले. बोलावणं आलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी नवा पंप बसवला. आता कुणीही यावं आणि बटण दाबावं.

झालं! सगळा कारभार घरात सुरू झाला. डबे उंचीप्रमाणे लागले. भाजी चिरताना मागे उभं राहून सूचना येऊ लागल्या. बायकोच्या दुपारच्या झोपेवरही हरकत निघाली. तेव्हा मात्र ती तरातरा खाली गेली.

"काहीही करा, पण ह्यांना परत घ्या हो!"

"काकू, नियम आहे."

"तुमच्याकडे आहे. माझ्या घरात मुदत कोण ठरवणार?"

संध्याकाळी डॉक्टरीणबाई वर आल्या. "काका, खरं सांगू? पंप जमला, माणसं नाही जमत. पार्किंगवरून भांडणारे ते दोघं माझं मेलं एक ऐकत नाहीत. तुम्ही सल्लागार व्हा ना. त्याला मुदत नाही."

काकांचे डोळे भरून आले. मनातून उडी मारावीशी वाटत होती, पण जुनी खोड! हात आपोआप जोडले गेले. "नको हो, आता मला मोकळंच राहू द्या. नवीन माणसाला..."

"छे, छे, तुम्हीच हवेत!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "आत्तापासूनच. ही घ्या चप्पल!"