शेवटची टिचकी

घरात तीन एअर फ्रायर आहेत. दोन अजून खोक्यात.

बाबा मान डोलावतात. त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं.

'स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी केल्यास खाते कायमचे बंद करण्यात येईल.'

आत्या दर रविवारी फोन करते, सकाळच्या चहाला.

वरील सर्व बाबी एकाच घरातल्या असून ते घर आमचं आहे. धाकट्या भावाने 'झोपेतही कमाई' हे शिबिर केल्यापासून मी, बायको आणि तो असे आम्ही तिघंही अॅफिलिएट आहोत. म्हणजे आपण वस्तूची स्तुती लिहायची, खाली लिंक द्यायची, त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की कंपनी आपल्याला कमिशन देते. झोपेत कमाई होते, हे खरं आहे. फक्त झोप होत नाही.

अशा परिस्थितीत बाबांचं श्रवणयंत्र बंद पडलं. नवीन मागवावं, यावर एकमत झालं. कुणाच्या लिंकवरून, यावर झालं नाही.

"थोरला मी आहे," मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? यंत्र मी निवडलंय," बायको म्हणाली.

"वहिनी, परवाचा मिक्सर तुमच्या लिंकवरून घेतला. आता माझी पाळी."

पैसे बाबांचे, म्हणून फोनही बाबांचाच वापरायचा होता. नियम असा, की शेवटची टिचकी ज्याच्या लिंकवर पडते, कमिशन त्याचं. मी ऑर्डर टाकायला बसलो की बायको "भाव तर बघू दे" म्हणून स्वतःच्या लिंकवर टिचकी मारायची. ती भाजी परतायला वळली की धाकटा स्वतःच्या. फोन घरभर फिरला. यंत्र जागचं हललं नाही.

रविवारी आत्याचा फोन आला, तेव्हा तो धाकट्याच्या हातात होता. त्याने तो बाबांच्या कानाला लावला. बाबा "हं, हं" करत राहिले.

"काय म्हणाली आत्या?" मी ओरडून विचारलं.

बाबांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "बरी आहे म्हणाली असेल."

बायकोने मात्र यंत्राची वाट न बघता 'स्वानुभव' लिहून टाकला. 'सासऱ्यांना आता पाखरांची किलबिलही ऐकू येते.' फोटोत बाबांच्या कानात जुनंच, बंद पडलेलं यंत्र होतं. बाबा हसत होते, कारण आम्ही तशी खूण केली होती. लेख धो धो चालला. धाकट्याने दुसऱ्या कंपनीची लिंक घालून लिहिलं, 'वहिनींचं यंत्र बाबांना का लागू पडलं नाही'. तोही चालला. मी दोन्ही यंत्रांची तुलना केली. दोन्हींपैकी एकही घरात आलेलं नसल्यामुळे माझा निःपक्षपातीपणा अबाधित होता.

मग बैठक घ्यावी लागली.

"दादा, यंत्र आलं आणि बाबांना ऐकू आलं, तर पुढे लिहायचं काय?" धाकटा म्हणाला.

"आणि नाही ऐकू आलं, तर मी खोटी पडेन," बायको म्हणाली.

दोन्ही मुद्दे रास्त होते. सबब खरेदी तहकूब करण्यात आली. तसं बाबांना खुणेने कळवलं. त्यांनी मान डोलावली.

पुढच्या रविवारी आत्याऐवजी तिच्या मुलाचा फोन आला. तो मी घेतला.

"आईचं ऑपरेशन झालं काल. तिने मामांना सांगितलं होतं, 'एकदा येऊन जा, मला भीती वाटते.' मामा हं म्हणाले. आत नेईपर्यंत ती दाराकडे बघत होती."

बायकोने हे वाक्य पुढच्या लेखाच्या सुरुवातीला जसंच्या तसं घातलं. तेवढ्या टिचक्या आम्हाला कधीच पडल्या नव्हत्या. आत्या सुखरूप घरी आली. आता ती फोन करत नाही. बाबा रविवारी चहा घेऊन फोनपाशी बसतात. त्यांना वाटतं, घंटी आपल्यालाच ऐकू येत नाही.

त्या टिचक्यांत एक तुमचीही होती. लेख वाचून तुमचे डोळे भरून आले आणि तुम्ही यंत्र मागवलंत, त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. ज्यांच्यासाठी मागवलंत, त्यांना नेमकं काय हवंय हे तुम्ही विचारलं होतंत का, ही चौकशी आम्ही करणार नाही. ती आमच्याकडेही झालेली नाही.

यंत्र बंद पडलं त्या सकाळी बाबा मला म्हणाले होते, "यातला सेल संपलाय बहुतेक, येताना नवा घेऊन ये."