क्रीडा-श्रेणीचं पापलेट

मस्कतजवळ रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून परदेशी धाडणारी एक कंपनी होती. तिथं दर दोन-तीन वर्षांनी जनरल मॅनेजर बदलायचा आणि त्याच्याबरोबर सगळ्या स्टाफची आवडनिवड बदलायची. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण वरिष्ठ खोलीत आल्यावर उभं राहावं, हेही कुठं लिहिलेलं नव्हतं. लोक उभे राहायचेच. एका साहेबांना बागकामाची हौस होती, तेव्हा पॅकिंग विभागात टेबलाटेबलावर कोरफड उगवली. पुढचे साहेब पहाटे पळायला जायचे. तेव्हा अकाउंट्समधल्या टेरेन्सनं, ज्यानं वसईत डोळ्यांदेखत बस सुटली तरी कधी चाल वाढवली नव्हती, पळायचे बूट आणले आणि ते घालून तो वर्षभर खुर्चीत बसला.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात बातमी आली, की नवे साहेब फिनलंडचे आहेत. नाव लेहतोनेन.

ही बातमी सगळ्यात जास्त काळजीनं ऐकली ती फ्रीझरमधल्या हारून मुकादमानं. हारून मूळचा दापोली तालुक्यातला. उणे अठरा तापमानात मासळीच्या पेट्या रचण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. बाहेर पंचेचाळीस, आत उणे अठरा, आणि मधल्या दारात तो. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: सुपरवायझरची जागा. कारण कंपनीच्या नियमाप्रमाणे सुपरवायझर झाल्याशिवाय कुटुंब आणता येत नसे, आणि जोहरा व लहानगी अंबरीन गावी त्याच्या बोलावण्याची वाट बघत होत्या. जवळच्याच माबेल्यात त्यानं एक फ्लॅटसुद्धा हेरून ठेवला होता. आधीच्या साहेबांनी बढतीची फाइल मान्य करत आणली होती. सही करायच्या आदल्या दिवशी ते पळता पळता पडले आणि मायदेशी गेले.

एचआरचे कृष्णकांत साहेब मूळचे मुलुंडचे. स्वागत हा त्यांच्या कर्तबगारीचा खास प्रांत. त्यांनी इंटरनेटवर फिनलंड शोधलं. जंगलं, तळी आणि बर्फ यांत स्टाफला आवडून घेता येण्यासारखं काही सापडेना. मग सापडलं: नुकत्याच मे महिन्यात त्या देशाच्या राष्ट्रीय आइस हॉकी संघानं स्वीडनला सहा-एक असं धुऊन काढत जगज्जेतेपद पटकावलं होतं. कृष्णकांत साहेबांनी विजयी संघाचा फोटो टाकून दरवाजाएवढा बॅनर छापला.

लेहतोनेन साहेब गाडीतून उतरले. उन्हानं त्यांचा चेहरा उकडलेल्या कोलंबीसारखा लाल झाला होता. त्यांनी बॅनरकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हेरी नाइस."

त्याच दुपारी परिपत्रक निघालं: 'माननीय जनरल मॅनेजर यांस आइस हॉकी या क्रीडाप्रकाराविषयी असलेला उत्कट जिव्हाळा लक्षात घेता, सर्व कर्मचाऱ्यांनी तो तात्काळ बाळगावा.'

जिव्हाळा बाळगायचा तर माहिती हवी. कृष्णकांत साहेबांनी खपून 'एका यशस्वी राष्ट्रीय संघाचा संक्षिप्त इतिहास' तयार केला आणि दर आठवड्याला त्याचे वर्ग सुरू केले. अडचण एवढीच होती, की कुठल्याही संघाप्रमाणे हाही संघ मधूनमधून हरला होता. संघ तर यशस्वी ठरलेला. तेव्हा पराभवांना 'पुढील वर्गासाठी राखून ठेवलेले विजय' असं नाव मिळालं. दोन हजार तीन साली घरच्या मैदानावर पाच-एक अशा आघाडीवर असताना हा संघ स्वीडनकडून सहा-पाच असा हरला होता. कृष्णकांत साहेबांच्या इतिहासात तो सामना पाच-एकवरच संपत असे. उरलेला भाग अभ्यासक्रमाबाहेर.

बढत्यांच्या पात्रतेतही एक ओळ वाढली: 'उमेदवारास बर्फावरील हॉकीचे सखोल ज्ञान असावे.'

हारूनला बर्फाचं ज्ञान होतं. हॉकी त्यानं शाळेत असताना लांबून पाहिली होती. पहिल्या परीक्षेत त्यानं दोन हजार तीनच्या सामन्याचा खरा निकाल लिहिला आणि तो नापास झाला.

"पण साहेब, ते हरले हे खरं आहे. टेरेन्सनं मला कॉम्प्युटरवर दाखवलं."

"हारूनभाई," कृष्णकांत साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "खरं काय ते सगळ्यांनाच माहीत असतं. सुपरवायझरला योग्य काय ते माहीत पाहिजे. आता पुढच्या वर्षी बसा."

त्या शुक्रवारी त्यानं फोनवर जोहराला हे सांगितलं.

"मना काय समजत नाय," ती म्हणाली. "काम करतांव मासल्यांचा, आनि नापास झालांव हाकीत? अंबरीन इचारते, अब्बा कंच्या यत्तेत हायत?"

हारूनला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं तो इतिहास तोंडपाठ करायला घेतला. पेट्या रचताना तो खेळाडूंची नावं पुटपुटायचा, आणि फिनिश नावांत स्वर इतके, की गारठ्यात दात वाजत असताना ती जास्तच अस्सल उच्चारली जात. त्या सगळ्या घोकंपट्टीत एक गोष्ट मात्र त्याला मनापासून आवडली. या संघानं पहिलं जगज्जेतेपद एकोणीसशे पंच्याण्णव साली मिळवलं ते स्वीडनच्या राजधानीत, स्वीडनलाच हरवून. आणि तेव्हा संघाचा प्रशिक्षक होता खुद्द स्वीडनचा. परमुलखात नोकरी करणाऱ्या त्या माणसाबद्दल हारूनला फार माया वाटली. सुट्टीत घरी गेल्यावर आळीतल्या लोकांनी त्याला काय काय ऐकवलं असेल, या विचारानं तो कासावीस व्हायचा.

इकडे लेहतोनेन साहेबांचंही प्रेम वाढत चाललेलं दिसत होतं. लिफ्टमध्ये कुणी "काल काय गोलकीपिंग झालं, सर!" म्हटलं, की तेही मान डोलवून "हो, जबरदस्त" म्हणत. हळूहळू स्वतःहून निकाल सांगू लागले. त्यांच्या केबिनमध्ये पोस्टर लागलं, कपाटावर झेंडा आला. प्रत्येक नव्या वस्तूबरोबर कृष्णकांत साहेब अभ्यासक्रमात एक धडा वाढवत, आणि प्रत्येक धड्याबरोबर केबिनमध्ये एक वस्तू वाढे.

मग कृष्णकांत साहेबांच्या लक्षात आलं, की सगळ्या मस्कतमध्ये बर्फ आपल्याइतका कुणाकडे नाही.

"फ्रीझर नंबर दोन रिकामा करा," त्यांनी फर्मावलं. "वार्षिक सामना. एचआर विरुद्ध अकाउंट्स."

"आणि सुरमई?" हारूननं विचारलं.

"ती प्रेक्षक म्हणून बाहेर थांबेल. ट्रकमध्ये. यल्ला!"

जमिनीवर पाणी ओतून ते गोठवण्यात आलं. स्केट्स मिळेनात, तेव्हा गमबुटांना साबण लावण्यात आला. काठ्या म्हणून फरशी पुसायचे वायपर घेतले. राहता राहिली ती चकती, जी गोलात मारायची असते. बरीच खलबतं झाली, आणि अखेर टेरेन्सला सुचलं. चपटं, गोलसर आणि दगडासारखं कडक असं त्या इमारतीत एकच होतं: गोठलेलं पापलेट. नियम ठरले. शेपटी मोडली तर फाउल, दोन तुकडे झाले तर मध्यंतर. गारठ्याची सवय आहे म्हणून हारूनला गोलकीपर केलं. सामना बघायला अर्बाब, म्हणजे कंपनीचे मालक, स्वतः आले, दारातूनच आत पाहिलं, "माशाल्ला" म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

सरावात ठोकली गेलेली पापलेटं नजरचुकीनं बाजारात गेली. गिऱ्हाइकांनी तक्रार केली, की माशावर वायपरचे वळ आहेत. कृष्णकांत साहेबांनी त्या पेट्यांवर 'क्रीडा-श्रेणी' असा शिक्का मारून भाव वाढवला. महिन्याभरात शहरातल्या रुवी भागातल्या एका हॉटेलानं साधं पापलेट घ्यायचंच बंद केलं.

असे सामने दरवर्षी झाले. हारून दरवर्षी परीक्षेला बसला, आणि दरवर्षी कुठल्याशा योग्य उत्तराच्या जागी खरं उत्तर लिहून नापास झाला. दोन हजार चौदाला मात्र त्यानं मन घट्ट केलं. एकही खरं उत्तर न लिहिता तो पहिला आला. बढतीची घोषणा पुढच्या गुरुवारी व्हायची होती. जोहरानं बॅगा बांधायला घेतल्या. अंबरीननं अब्बा पास झाल्याचे पेढे वर्गात वाटले.

त्याच आठवड्यात वार्षिक सामना झाला. संपल्याबरोबर सगळे हुडहुडी भरून उन्हात पळाले. हारून पापलेटाचे तुकडे गोळा करायला मागं राहिला, तर लेहतोनेन साहेब पेटीवर बसलेलेच. त्यांना उठता येत नव्हतं. ओठ निळे, गुडघे आखडलेले. हारूननं स्वतःचं जाकीट काढून त्यांना गुंडाळलं आणि थर्मासमधली सुलेमानी पाजली.

चहा पोटात गेल्यावर साहेब बोलू लागले. बोलले इंग्रजीत, पण इतक्या रडवेल्या सुरात, की हारूनला ते मराठीसारखं कळलं.

"हारून, कुणाला सांगू नका. मला आइस हॉकी मुळीच आवडत नाही. लहानपणी शाळेत सक्तीनं खेळायला लावायचे, त्यात माझे दोन दात गेले. थंडी तर मला सोसतच नाही. नकाशात सगळ्यात गरम देश शोधून मी इथं अर्ज केला. आणि पहिल्याच दिवशी गाडीतून उतरतो, तर समोर तो बॅनर!"

"पण सर, तुम्ही 'व्हेरी नाइस' म्हणालात."

"मग काय म्हणणार? पाहुणा होतो मी. मला वाटलं, या लोकांना या खेळाचं किती वेड आहे! तुमचं मन कसं मोडायचं? म्हणून मीही निकाल वाचू लागलो. माझी बायको मला दर सामन्याचा वृत्तांत पाठवते, तो मी सकाळी पाठ करतो." त्यांनी नाक पुसलं. "हारून, तुम्ही साधे माणूस दिसता. खरं सांगा. लोकांना हे सगळं खरंच आवडतं का? नसेल आवडत, तर उद्याच्या उद्या बंद करतो. वर्ग, परीक्षा, सगळं खलास."

हारूनच्या हातात पापलेटाचं डोकं होतं. परीक्षा खलास म्हणजे पहिला नंबर खलास. पहिला नंबर खलास म्हणजे गुरुवार खलास. त्याला माबेल्यातला फ्लॅट दिसला, बांधलेल्या बॅगा दिसल्या, पेढे वाटणारी अंबरीन दिसली. खरी उत्तरं देऊन काय होतं ते तो पुरतं शिकला होता.

"सर," हारून म्हणाला, "लोकांचा जीव आहे या खेळावर. बंद केलात तर मोडून पडतील."

साहेबांनी एक लांब सुस्कारा सोडला. "वाटलंच मला," ते म्हणाले आणि चहा पुन्हा तोंडाला लावला. हारूनला त्यांची मनापासून कीव आली आणि स्वतःची लाजही वाटली. पण ती गुरुवारपर्यंतच टिकली.

हारून सुपरवायझर झाला. जोहरा आणि अंबरीन आल्या. कृष्णकांत साहेबांनी बर्फावरील क्रीडाकार्याचा सचित्र अहवाल साहेब नेमणाऱ्या परदेशातल्या भागीदार कंपनीकडे पाठवला होता. तो वाचून तिथले संचालक इतके भारावले, की त्यांनी लेहतोनेन साहेबांची बदली बक्षीस म्हणून नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला केली. निरोप समारंभात हुकूम वाचून दाखवला, तेव्हा साहेबांनी हुकुमाकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हेरी नाइस."

पुढचे साहेब स्कॉटलंडचे आले. स्वागत समितीवर आता हारूनही होता. स्टाफला काय आवडून घ्यायला लावावं यावर चर्चा झाली, तेव्हा मशकवाद्याची, म्हणजे बॅगपाइपची, सूचना त्यानंच केली. फ्रीझरमधली पोरं आता पेट्या रचता रचता फुंकायचा सराव करतात. कुणी कुरकुर केली, की हारून समजुतीच्या सुरात सांगतो, की खरं काय ते सगळ्यांनाच माहीत असतं.

माबेल्यात दर शुक्रवारी जोहरा पापलेट तळते. आली त्या पहिल्या शुक्रवारी तिनं तळलं होतं, आणि हारून "छान झालंय" म्हणाला होता. खरं तर गोलकीपर झाल्यापासून पापलेट समोर आलं की तो दचकून आडवा हात धरतो. आणि जोहराला लहानपणापासून माशाच्या वासानं मळमळतं. पण नवऱ्याला इतकं आवडतं, तर करायलाच हवं. अंबरीन मधे बसून दोघांच्या तोंडाकडे बघते आणि पुढ्यात आलेलं मुकाट्यानं गिळते. शिकते आहे पोर.

तुम्हाला हसू आलं असेल. हारूनच्या कंपनीतही सगळे एकमेकांना हसतात. आता ही गोष्ट तुम्हाला कशी वाटली, असं कुणी विचारलं तर तुमच्या तोंडून कुठला शब्द निघणार आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. तेवढा तो उच्चारण्याआधी जरा विचार करा. आम्ही लिहिणारी माणसं तो खरा धरून चालतो.