चाळीस वाट्या, स्नायूच्या बाजूला

शरीरशास्त्राच्या सरांनी स्टाफरूममध्ये छातीठोक सांगून टाकलं, की या वेळी असं मॉडेल उभं करतो, तपासणी समिती चष्मे पुसून बघेल. सरांच्या बढतीचं घोडं सहा वर्षं याच समितीपाशी अडलं होतं.

मॉडेलसाठी त्यांनी गादीवाल्या मेहुण्याला गाठलं. फोनवर सगळं समजावलं. एकीकडे चेतातंतूचं फुगीर टोक, समोर घड्या पडलेला स्नायू, मध्ये बारीक फट. टोकातून रसायन सुटतं, ते धरणारे रिसेप्टर म्हणून प्लॅस्टिकच्या चाळीस वाट्या चिकटवायच्या. मेहुण्याने फोमचा म्हशीएवढा स्नायू शिवला.

तपासणीच्या सकाळी टेम्पोतून मॉडेल उतरलं. चाळीसच्या चाळीस वाट्या चेतातंतूवर!

"दाजी, वाढणाऱ्याच्याच हातात भांडी असतात," मेहुणा शांतपणे म्हणाला.

"अरे, पण वाटी जेवणाऱ्यासमोर नको का?"

समिती शेजारच्या प्रयोगशाळेत पोचली होती. दोघांनी वाट्या उपटल्या. मेहुणा गादीचा गोंद फासत गेला आणि सर वाट्या बसवत गेले. खोबणीत नको, घड्यांच्या माथ्यावर, टोकाच्या अगदी समोर, असं पुटपुटत. एकोणचाळीस बसल्या. चाळिसावी निसटली आणि सरांचा तळवा थेट गोंदावर टेकला. मेहुण्याने ओढून पाहिलं, तर हातामागून अख्खा स्नायूच यायला लागला. तेवढ्यात दार उघडलं.

समितीच्या प्रमुख बाईंनी आल्याआल्या विचारलं, रिसेप्टर नेमके कुठे असतात. सरांना बोट दाखवायचीही गरज पडली नाही. स्नायूच्या पडद्यावर, घड्यांच्या माथ्यावर, असं त्यांनी खणखणीत सांगितलं. बाई खूश झाल्या. पलीकडे येऊन चेतातंतू समजावा म्हणाल्या, तर सर म्हणाले, इथूनच छान दिसतो. मग बाईंची नजर त्यांच्या हातावर गेली.

"हा हात म्हणजे रिसेप्टरला चिकटलेलं रसायन समजायचं का?"

सरांनी घाईघाईने मान डोलावली.

"ते किती वेळ चिकटून राहतं?"

"जेमतेम एक मिलिसेकंद, मॅडम."

"मग सोडा की आता."

सर कसनुसं हसले आणि जीव खाऊन हिसका दिला. हात सुटला नाही, पण स्नायू समितीच्या दोन सदस्यांवर आडवा झाला. शेवटी मेहुण्याने कात्रीने फोम कापला. सरांनी समितीबरोबरचा चहा डाव्या हाताने घेतला. उजव्यात पुरणपोळीएवढा नव्हे, चांगला उशीएवढा स्नायू होता.

आठ दिवसांनी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, मॉडेल अचूक, प्राध्यापक मात्र फार चिकट.