बिरादार सरांचे रिकामे चौकोन

उदगीरच्या मंगल कार्यालयात अक्षता पडल्या आणि बिरादार सर थेट वरपित्याकडं गेले. नमस्कार नाही, अभिनंदन नाही. म्हणाले, "जपून ठेवलं का? न्हाईतर वर्षाच्या आत गायब होतंय बगा."

वरपिता पांढराफटक पडला. सर बोलत होते ते मोबाइलवर आलेल्या लग्नपत्रिकेच्या वेबपानाबद्दल. मला ते कळलं, म्हणून मी त्यांना दंडाला धरून पंगतीकडं ओढत नेलं.

बिरादार सर आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल. मी तिथंच कॉमर्स शिकवतो आणि त्यांच्या शेजारी राहतो, त्यामुळं असे दंड धरायचे प्रसंग माझ्या वाट्याला पुष्कळ आले. तसा माणूस कामाला वाघ. कुठलं पुस्तक देशातल्या कुठल्या ग्रंथालयात आहे, जुन्या ग्रंथाची स्कॅन केलेली प्रत फुकट कुठं वाचता येते, हे ते ऑनलाइन सूच्यांमधून चहा निवायच्या आत काढून देतात. पण त्यांचा जीव अडकलाय वेगळ्याच ठिकाणी. इंटरनेटवर एक संग्रह आहे. त्यात एखाद्या पानाचा पत्ता टाकला की ते पान आज जसं दिसतं तसं साठवलं जातं. मूळ पान उद्या पुसलं गेलं तरी ही प्रत राहते. वाळत घातलेल्या पापडांवर आभाळ भरून आलं की बायका जशा धावतात, तसे सर दिसेल ते पान गोळा करत सुटतात.

"नेट लई बेभरवशाचं हाय," ते म्हणतात. "आज हाय, उद्या न्हाई."

एका उमेदवारानं आपल्या वेबसाइटवर गावाला अभ्यासिका बांधून द्यायचं वचन दिलं होतं. निवडून आल्यावर वेबसाइट गेली, वचनही गेलं. सर त्याला बाजारात भेटले आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाले, "साहेब, काळजी करू नका. तुमचं पान माझ्याकडं हिफाजतीनं हाय." त्यांच्या मनात काडीचंही काळंबेरं नव्हतं. पण आता आमच्या गल्लीतून जाताना साहेब गाडीची काच वर करतात. मीही एकदा एक प्रेमकविता नेटवर टाकून लगेच पुसली होती. "पुसली तरी हाय की माझ्याकडं," असं सर म्हणाले, तेव्हापासून मी त्यांच्याशी जरा अदबीनंच वागतो.

गावाचं सगळं जपणाऱ्या या माणसाला घरचंच एक पान मात्र सापडत नव्हतं.

सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, देवणीकडच्या शाळेत शिक्षिका होत्या. शाळेच्या वाटेवर, बांधावर उगवणाऱ्या रानभाज्यांवर त्या लिहायच्या. कुठली कशी ओळखायची, कुणाची आई कशी शिजवायची, असं. सरांनीच त्यांना मोफतची वेबसाइट काढून दिली होती. "हे राहील ना?" असं वहिनींनी तेव्हा विचारलं होतं, आणि सरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "कागदाला वाळवी लागती. नेटवरचं कुठं जात नसतंय."

पुढं ती सेवा देणाऱ्या कंपनीनंच गाशा गुंडाळला. आगाऊ सूचना आली होती, पण ती जाहिरातींच्या ढिगात दोघांच्याही नजरेतून सुटली. ज्यात मूळ फोटो होते तो मोबाइल आधीच बिघडून गेला होता. वहिनी एका शब्दानं बोलल्या नाहीत, फक्त लिहायच्या थांबल्या. सरांना ते न बोलणंच खात होतं. लोकांची पानं जपायचं खूळ तेव्हापासूनचं. वेबसाइटचा नेमका पत्ताही दोघांना आठवत नव्हता, आणि पत्त्याशिवाय तो संग्रह दार उघडत नाही. सर रानभाज्यांवरचे शोधनिबंध एकेक करून उघडत, त्याखालचे संदर्भ वाचत राहायचे. कुणीतरी कधीतरी वहिनींचा आधार घेतला असेल, एवढ्या एका आशेवर.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सर माझ्या दारात उभे. "सापडलं," एवढंच म्हणाले. कुणा विद्यार्थिनीनं आपल्या शोधनिबंधाखाली तो पत्ता दिला होता, आणि तेव्हाच ते पान त्या संग्रहात साठवलंही होतं.

"अहो, मग पेढे आणा की!"

"अक्षरं आलीत. फोटो न्हाई आले. नुसते रिकामे चौकोन हायेत." सर चपलेकडं बघत होते. "तुमी चला संगं. एकट्यानं दाखवायचं भ्याव वाटायलंय."

वहिनी चष्मा लावून वाचायला बसल्या. स्वतःच्याच एका वाक्याला हसल्या. सर शेजारी उभे राहून, चित्रं कधीकधी साठवली जात नाहीत, त्याची कारणं काय, असं भरभर सांगत होते. मला त्यांची फार दया आली.

वहिनींनी एका चौकोनावर बोट ठेवलं. "ह्यात पाथरी होती. ह्यात चिघळ. ह्यात कुर्डू." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भाजी केवढी ते कळावं म्हणून हे तळहातावर धरायचे. समद्या फोटोंत ह्यांचा हात होता."

सर स्वतःच्या तळहाताकडं बघू लागले.

"अवो, भाजी दर साली उगवती," वहिनी म्हणाल्या. "अन् हात तर हाय की."

त्या उठून परसात गेल्या, कुंपणाजवळचा तांदुळजा खुडला आणि सरांच्या तळहातावर ठेवला. मोबाइल समोर धरला. पण सरांचा हात इतका कापत होता की फोटो धूसर आला. पुन्हा काढला, तसाच आला.

वहिनींनी मोबाइल माझ्याकडं दिला आणि सरांचं मनगट धरलं. "भावजी, तुमी काढा."

मी काढला. फोटोत दोघांचेही हात आले.